पाऊस लागला की पॅनल चरचरतं: इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचं पावसाळी दुखणं आणि अँपवर येणारा आळ

मृगाचा पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरवाल्यांची ठरलेली तक्रार सुरू होते. मे महिन्यात स्वच्छ वाजणारा स्पीकर जुलैत मध्येच ‘टक’ करतो, मग चरचरायला लागतो, एका बाजूचा आवाज बसतो. कुणाचा अँप भर मैफिलीत गप्प होतो आणि थोड्या वेळाने रिलेचा (आतल्या संरक्षक स्विचचा) ‘कट’ आवाज करून आपणहून सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की सगळं जागेवर येतं, माणूस विसरून जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

यावर बहुतेक जण आधी अँप बदलतात. बेळगावच्या हिंदवाडीतल्या माझ्या एका परिचितांनी चांगला चालणारा अँप विकून त्याहून महागाचा आणला. टकटक तशीच राहिली, कारण ती पॅनलमध्ये होती. मला हे फार लागतं, कारण खर्च तर होतोच, वर ‘हे स्पीकर आपल्या हवेला चालतच नाहीत’ असं म्हणून माणूस ते काढून टाकतो. ते चालतात. फक्त बिघाड कुठे सुरू होतो आणि कुठे दिसतो, हे वेगळं करून बघावं लागतं.

आधी आतली गोष्ट थोडक्यात. दोन सच्छिद्र धातूच्या जाळ्या, म्हणजे स्टेटर, आणि त्यांच्या मधोमध काही मायक्रॉन जाडीची ताणलेली प्लास्टिकची फिल्म, हे झालं पॅनल. फिल्मवर अतिशय जास्त रोध असलेला लेप असतो आणि तिला काही हजार व्होल्टचा स्थिर दाब दिलेला असतो. क्वाड या इंग्लिश कंपनीच्या १९५७ च्या मॉडेलमध्ये बासच्या पॅनलला ६ हजार व्होल्ट आणि ट्रेबलच्या पॅनलला १,५०० व्होल्ट, तर १९८१ च्या ईएसएल-६३ मध्ये ५,२५० व्होल्ट. अँपमधून आलेला सिग्नल ट्रान्सफॉर्मर वाढवतो आणि तो स्टेटरवर जातो. फिल्म पुढे-मागे ओढली जाते, आवाज होतो.

आता या फिल्मला व्होल्ट हजारो मिळतात, पण करंट नावालाच, काही मायक्रोअँपियर. मधे मोठा रोध मुद्दाम घातलेला असतो. समजा तो १०० मेगाओहमचा आहे. फिल्मवरून कडेकडेने फक्त १० मायक्रोअँपियर गळू लागले तरी त्या रोधावरच १,००० व्होल्ट खर्च होतात. ५ हजारांचे ४ हजार उरतात आणि आवाज जवळजवळ २ डेसिबलने उतरतो. वरून करंगळीएवढी धार आणि हौदाला खाली भोक, असा प्रकार.

भोक पाडतं कोण? एकटी दमट हवा क्वचितच. दमट हवा आणि धूळ मिळून पाडतात, आणि आपल्याकडे धुळीचे प्रकारही खास आहेत. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात माग चालतात. तिथल्या घरांत कापसाचं तूस हवेत सतत असतं, आणि हजारो व्होल्टचं पॅनल ते स्वतःकडे ओढून घेतं. कापसाचा तंतू ६५ टक्के आर्द्रतेलाच वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून बसतो. पावसाळ्यात घरातलं ह्युमिडिटी मीटर ८५-९० दाखवायला लागलं की याहून किती तरी जास्त. असा ओला तंतू फिल्म आणि स्टेटर यांच्यामध्ये आडवा पडला की चार्जला वाट मिळाली. चार्ज उडतो, ‘टक’ होतं, फिल्म पुन्हा हळूहळू भरते, पुन्हा ‘टक’. हवा जितकी दमट तितकी टकटक भरभर, आणि शेवटी तिचीच चरचर होते. उद्यमबागेच्या बाजूला फाउंड्रीतली धातूची बारीक धूळ असते, ती तर वीज वाहून नेणारीच. निपाणीत तंबाखूची भुकटी. आणि सगळीकडे सारखा असलेला एक प्रकार म्हणजे उदबत्ती आणि धूप. देवघर आणि स्पीकर एकाच खोलीत असतील तर धुराचा चिकट थर जाळीवर बसतो आणि त्यावर बाकीची धूळ पक्की होते. फोडणीच्या वाफेचंही तेच. श्रावण-भाद्रपदात या सगळ्याची भर एकदम पडते.

आता अँपचा वाटा. अँप पावसाळ्यातच का बंद पडतो, असं बरेच जण विचारतात. पॅनलचा दाब उतरला की आवाज कमी येतो, आवाज कमी आला की आपण व्हॉल्यूम वाढवतो, आणि वाढलेला सगळा भार अँपच्या अंगावर जातो. म्हणजे अँप ट्रिप होणं हे बऱ्याचदा गळतीचंच दुसरं टोक असतं. मात्र काही अँप मुळातच या जोडीला नालायक असतात, तेही खरं. ते वेगळं काढायची पद्धत खाली आहे.

ओळखायची खूण मी अशी सांगतो: तंबोऱ्यात टक, टाळात कट. कुमार गंधर्व किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीला नुसता तंबोरा चालतो तो भाग लावा. आवाज लहान, त्यामुळे पॅनलची टकटक लपत नाही, जवारीच्या मधे स्पष्ट कानावर येते. ती आली तर पॅनल बघा. उलट, तंबोरा स्वच्छ, खयाल स्वच्छ, आणि अभंगात टाळांचा गजर वाढला की अँप बसतो, तर अँप बघा. टाळ-चिपळ्यांत वरच्या पट्टीची ताकद भरपूर असते आणि हे स्पीकर अँपला सर्वात जास्त छळतात ते तिथेच.

पहिली चाचणी अँप बंद ठेवून करायची. स्पीकरचा स्वतःचा मेन्स (विजेचा प्लग) चालू, अँप बंद, पंखा बंद. रात्री खोलीत अंधार करून दहा मिनिटं बसा. टकटक येत असेल तर अँप निर्दोष आहे, कारण तो चालूच नाही. (काही हायब्रिड, म्हणजे पॅनलच्या जोडीला बाससाठी साधा वूफर असलेल्या मॉडेलांत सिग्नल मिळाल्याशिवाय फिल्मला दाब मिळत नाही. तिथे अगदी हलक्या आवाजात संगीत लावून, ते थांबवून लगेच ऐका.) डोळे अंधाराला सरावले की कधी कधी जाळीमागे निळसर ठिणगीही दिसते. नेमकी जागा हवी असेल तर गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक नळी दीड-दोन फूट घ्या, आतून पूर्ण कोरडी. एक टोक कानाशी, दुसरं ग्रिलच्या बाहेरून चार बोटं लांब धरून हळूहळू फिरवा. ठिणगीच्या जागेसमोर आलात की आवाज एकदम मोठा होतो. त्या उंचीवर चौकटीला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. अँपच्या मागे डावी-उजवी स्पीकर केबल बदला. बिघाड त्याच स्पीकरमध्ये राहिला तर स्पीकरचा, बाजू बदलून गेला तर अँपचा किंवा त्याच्या आधीचा. स्पीकरचाच निघाला तर दोन्ही स्पीकरांच्या जागा बदलून दोन दिवस ऐका. हे जड काम आहे, पण करा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. खानापूर-जांबोटी पट्ट्यात, कणकुंबीकडे तर विचारूच नका. जांभ्याच्या जुन्या घरांची पश्चिमेची भिंत दसऱ्यापर्यंत ओल सोडत नाही. त्या भिंतीपाशी असलेला स्पीकर नेहमी आधी रडतो. जागा बदलल्यावर टकटक दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर भिंतीची ओल हेच कारण. तसेही हे स्पीकर मागेही तेवढाच आवाज टाकतात, म्हणून भिंतीपासून तीन-चार फूट पुढे हवेतच.

तिसरी गोष्ट लाइटीची, आणि ही फार जण तपासत नाहीत. वडगावच्या एका काकांनी मला फोन करून सांगितलं, “अण्णा, लाइट गेली की आवाज बसायलाय बघा, आणि आली की परत चढायलाय.” त्यांचे स्पीकर इन्व्हर्टरवर होते. फिल्मचा दाब तयार करणारं सर्किट मेन्सच्या लहरीच्या शिखरावर भरतं. २३० व्होल्टच्या साइन वेव्हचं शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असतं, पण स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचं शिखर २३० च्या आसपासच. म्हणजे दाब जवळपास ३० टक्क्यांनी खाली आणि आवाज ३ डेसिबलने कमी. काकांनी इन्व्हर्टर साइन वेव्हचा घेतला आणि प्रश्न मिटला. लाइन नुसती कमी असली तरी परिणाम होतोच. साध्या, रेग्युलेशन नसलेल्या सप्लायमध्ये २३० चे १९० झाले तर आवाज दीड डेसिबलहून जास्त उतरतो, फक्त तो दोन्ही बाजूंचा सारखा उतरतो. आणि रात्री उशिरा लाइन २५० च्या वर चढली की टकटक वाढते. मल्टिमीटरने प्लगमधला व्होल्टेज संध्याकाळी आणि रात्री दोन्ही वेळा मोजा. अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या.

तोच मल्टिमीटर फिल्मच्या दाबाला मात्र लावू नका. तो १,००० व्होल्टपर्यंतचा असतो आणि त्याचा १० मेगाओहमचा रोध या सप्लायला एवढा भार होतो की आकडाच खोटा येतो. मागचं कव्हर घरी उघडू नका, हे मी कळकळीने सांगतो. फिल्मचा करंट नगण्य असला तरी संगीत चालू असताना स्टेटरवर ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या हजारो व्होल्टच्या मागे आख्खा अँप उभा असतो. तो धक्का जिवावर बेतू शकतो.

सफाई. पावसाने दोन-तीन दिवस उघडीप दिली की करा. प्लग काढा, अँपची केबल काढा, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी मऊ ब्रशचा व्हॅक्यूम क्लीनर कमी ओढीवर ठेवून जाळीच्या बाहेरून वरून खाली फिरवा, पुढून आणि मागून. ब्रश जाळीवर दाबायचा नाही. ही पद्धत उघड्या जाळीच्या पॅनलांची, मार्टिनलोगन कंपनीच्या हायब्रिडसारख्यांची. क्वाडच्या पॅनलांवर पातळ फिल्मचं धूळ-आवरण असतं, तिथे व्हॅक्यूम नको. आवरण फाटेल. ते आधीच फाटलेलं असेल तर बाकी काहीही करण्यापूर्वी ते बदलून घ्या, नाही तर धूळ आत जातच राहणार. ओलं फडकं, काच पुसायचा स्प्रे, केसांचा ड्रायर, काही नको. आणि गॅरेजमधला किंवा वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर तर नकोच नको. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं, आणि बाहेरचं तूस ती आत फिल्मवर नेऊन बसवते. सफाईनंतर फक्त मेन्स लावून, संगीत न लावता, एक दिवस ठेवा.

पावसाळ्यातले किडे हा वेगळा ताप. खिडकी उघडी, ट्यूब चालू आणि स्पीकर त्याच्याच खाली, असं असेल तर किडे जाळीतून आत जातात आणि एकेक ठिणगी पाडतात. ट्यूबची जागा बदला.

खोली कोरडी ठेवणं हा खरा इलाज. ६० टक्क्यांच्या खाली आर्द्रता राहिली की बहुतेक पॅनलं शांत होतात, असा माझा अनुभव आहे. एसी असेल तर ड्राय मोडवर ऐकण्याआधी तासभर चालवा. नसेल तर डीह्युमिडिफायर घ्या. नव्या अँपच्या किमतीपुढे तो काहीच नाही. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत काही करत नाहीत. स्पीकर चोवीस तास चालू ठेवावेत की नाही, यावर दोन मतं आहेत. चालू ठेवले तर आतली ओल धरत नाही, पण धूळ सतत ओढली जाते. मागांच्या वस्तीत मी ते बंद ठेवायला सांगतो आणि ऐकण्याआधी दोन तास लावायला. बेळगावच्या कॅम्पसारख्या मोकळ्या भागात, धूळ कमी असेल तर, पावसाळ्यापुरते चालू ठेवायला हरकत नाही.

आता टाळात कट होणाऱ्यांसाठी. हा स्पीकर अँपला कपॅसिटरसारखा दिसतो. पॅनलची कपॅसिटी १ नॅनोफॅरड आणि ट्रान्सफॉर्मर १ ला १०० धरा. ट्रान्सफॉर्मर ती १०० च्या वर्गाने वाढवून अँपसमोर ठेवतो, म्हणजे १० मायक्रोफॅरड. २०० हर्ट्झला हा भार सुमारे ८० ओहम, आणि २० किलोहर्ट्झला फक्त ०.८ ओहम! मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, पण स्पीकरच्या मागे ‘४ ओहम’ छापलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय कपॅसिटरच्या भारात व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी शिखरावर नसतात, त्यामुळे आउटपुट ट्रान्झिस्टर जास्त तापतात. होम थिएटरचे बरेचसे रिसीव्हर इथेच माना टाकतात.

तपासायला एक सोपी युक्ती आहे. १ ओहम, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर स्पीकरच्या लाल वायरीत सिरीजमध्ये जोडा, दोन्ही बाजूंना एकेक. त्याच अभंगाला, तेवढ्याच आवाजात अँप ट्रिप होणं थांबलं तर दोष अँप आणि स्पीकरच्या जोडीचा आहे, पॅनलचा नाही. रेझिस्टर गरम होतो, पडद्यापासून आणि लाकडापासून लांब ठेवा. कायम मात्र तो ठेवू नये असं माझं मत. वरच्या उदाहरणात २० किलोहर्ट्झला ४ डेसिबल कापले जातात, आणि टाळांची जी झळाळी ऐकायला हे स्पीकर घेतले तीच जाते. व्हॉल्व्हच्या अँपचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला रोध, १ ओहमच्या आसपास असेल तर तोच परिणाम घरबसल्या मिळतो. असा अँप असलेल्यांनी स्पीकर त्याच्या ४ ओहमच्या किंवा असेल तर २ ओहमच्या टॅपवर (जोडणीवर) लावून बघावा. काहींना तो मऊपणा आवडतो, त्याला माझी ना नाही. ५७ च्या क्वाडबरोबर १५ वॅटचा व्हॉल्व्हचा क्वाड टू अँप वाजायचाच.

अँप घेताना वॅटांपेक्षा करंट बघा. ८ ओहमला जेवढे वॅट त्याच्या जवळपास दुप्पट ४ ओहमला देणारा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा, आणि कपॅसिटरच्या भारावर स्थिर राहतो असं कंपनीने स्वतः लिहिलेला. स्पीकर केबल आखूड ठेवा. चपट्या, जास्त कपॅसिटन्सच्या महागड्या केबलीने काही अँप ऐकू न येणाऱ्या पट्टीत आंदोलन करतात आणि गाणं बंद असतानाही तापतात. हात लावला आणि हीटसिंक विनाकारण गरम लागला, तर साधी दोन तारांची जाड केबल लावून बघा.

आणि उलटी चूकही नको. गणेशोत्सवात मंडपवाल्याकडचा ५०० वॅटचा अँप लावून बघावासा वाटतो. तो ट्रिप होणार नाही, पण ८ ओहमला ५०० वॅट म्हणजे शिखराला जवळजवळ ९० व्होल्ट. ५७ च्या क्वाडची मर्यादा ३३ व्होल्टची आहे. १०० वॅटच्या क्वाड ४०५ अँपलासुद्धा या स्पीकरसाठी लिमिटर (व्होल्टेज अडवणारं सर्किट) लावावा लागे. मर्यादा ओलांडली की ठिणगी फिल्मला भोक पाडते, आणि ते भोक सफाईने भरत नाही. ईएसएल-६३ मध्ये संरक्षण आहे, पण ते काम करतं स्पीकरचं इनपुट शॉर्ट करून. म्हणजे आवाज वाढवल्यावर तिथे अँप ट्रिप झाला तर आधी आवाज कमी करून बघा, अँप खोलायला घेऊ नका. नेहमीच्या आवाजालाही तेच होत असेल तर पॅनलमध्ये ठिणगी पडतेय.

खोली कोरडी, सफाई झाली, लाइन ठीक, तरी नळीला त्याच एका जागी टक ऐकू येतंय, तर फिल्म किंवा तिला कडेने धरणारी आतली चिकटपट्टी गेली आहे आणि पॅनल बदलायला किंवा नवी फिल्म ताणून घ्यायला झालं आहे. तोपर्यंत आवाज लहान ठेवा. सगळ्या पॅनलचाच आवाज मेलेला असेल आणि मेन्स लावल्यावर कित्येक तासांनी थोडा चढत असेल, तर लेप विरला असेल किंवा दाब देणाऱ्या सप्लायचे डायोड-कपॅसिटर थकले असतील. यातला सप्लाय स्वस्तातला आणि बराच सोपा, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला आधी तोच बघायला सांगा. त्याला चार गोष्टी लिहून द्या: टकटक सुरू झाली तेव्हाची आर्द्रता, प्लगमधला व्होल्टेज, अदलाबदलीत काय झालं, आणि चौकटीवरची कागदी चिकटपट्टीची खूण कुठे आहे. पॅनल गाडीने पाठवायचं झालं तर पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर पाठवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोन्ही बाजूंनी प्लायवूड लावून, उभं. आडवं टाकलेलं पॅनल ट्रान्सपोर्टमध्ये वरच्या ओझ्याने दबतं.